राजाच्या छत्राबाहेरची इगर्ज

तेरेखोलचा किल्ला गोव्याच्या नकाशात आहे, पण गोव्याच्या जमिनीला तो जोडलेला नाही. गोव्यातून तिथं जायचं तर केरीच्या धक्क्यावर फेरीबोट धरून नदी ओलांडावी लागते. शिरोडा, रेडी या वाटेनं येणाऱ्या सिंधुदुर्गातल्या माणसाच्या आड मात्र पाणी येत नाही. वेंगुर्ले तालुक्याची हद्द संपते आणि नदीच्या मुखावर नजर ठेवून बसलेले बुरुज दिसू लागतात. दरवाज्यातून आत गेलं की समोर संत आंतोनचं पांढरं चर्च. किल्ल्याचं आवार लहान, आणि त्यातली बरीचशी जागा या एका इमारतीनं घेतलेली.

या किनाऱ्यावरच्या कॅथलिक इतिहासाबद्दल बोलताना पुष्कळ जण इथूनच सुरुवात करतात, कारण इथली गोष्ट सरळ सांगता येते. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आसुमार यानं १७४६ मध्ये आधी हळर्णचा किल्ला घेतला, मग तेरेखोल. हळर्णच्या विजयावरून पुढं तो मार्किश द आलोर्ना म्हणूनच ओळखला गेला. त्यानंतर किल्ल्यात प्रार्थनामंदिर उभं राहिलं. आधी तोफ, मागाहून क्रूस. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखांत, हाच क्रम घडला होता, म्हणून कोकणात जिथं चर्च दिसेल तिथं असंच झालं असणार, असं आपण धरून चालतो.

मला ही सुरुवात मान्य नाही. तेरेखोल पडण्याच्या शंभर वर्षं आधी, आजचा सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याचा मोठा भाग विजापूरच्या अदिलशहाकडे होता, तेव्हा या मुलखाला एक कॅथलिक बिशप होता. पोर्तुगालच्या राजानं त्याला नेमलं नव्हतं. उलट राजाचे अधिकारी आणि गोव्याचे धर्माधिकारी त्याच्या विरुद्ध होते. तो राहत होता मुसलमान सुलतानाच्या मुलखात, त्याच्याच मर्जीनं. आणि तो युरोपियन नव्हता. दिवाडी बेटावरच्या एका बाटलेल्या ब्राह्मण घरातला तो मुलगा होता. मातेउस द कास्त्रो हे त्याचं नाव. घराण्याचं जुनं नाव महाले.

दिवाडी हे मांडवीच्या पात्रातलं बेट. ओल्ड गोव्याच्या समोर, हाकेच्या अंतरावर. या बेटावर नार्वे नावाचं गाव होतं आणि तिथं सप्तकोटेश्वराचं देऊळ. कदंब राजांचं हे कुलदैवत. बहामनी काळात ते उद्ध्वस्त झालं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते पुन्हा उभारलं, आणि १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते कायमचं पाडलं. त्याच सुमाराला बेटावर सामुदायिक धर्मांतरं झाली. लिंग भक्तांनी नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं. तिथं वसलेल्या गावालाही नार्वे हेच नाव पडलं, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. देवळाच्या दारावरचा शिलालेख मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे.

मातेउसचा जन्म १५९४ च्या आसपासचा. म्हणजे देऊळ पडल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतला तो. त्याच्या लहानपणी बेटावर चर्चच्या घंटा वाजत होत्या, आणि नदीपलीकडं परक्या राज्यात त्याच्या पणजोबांचा देव नांदत होता. पुढं तोही त्याच दिशेला गेला. देव आणि बिशप, दोघांनाही दिवाडीहून निघून डिचोलीच्याच मुलखात आसरा घ्यावा लागला, आणि दोन्ही वेळा मागं लागलेली सत्ता एकच होती. आपल्या इतिहासलेखनात पहिल्या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दुसरी गोव्याबाहेर फारशी कुणी सांगत नाही.

मातेउस शिकला तो बारदेशात, रेईश मागुशच्या फ्रान्सिस्कन विद्यालयात. वेरेच्या किनाऱ्यावरचं हे चर्च १५५५ चं. बारदेशातलं पहिलं. शेजारी किल्ला, खाली मांडवीचं पाणी, आणि पाण्याच्या बाजूनं वर येणाऱ्या रुंद पायऱ्या. पायऱ्यांच्या तळाशी दगडी सिंह आहेत. ते एखाद्या जुन्या देवळातले असावेत असं सांगतात, आणि त्यांची घडण पाहिली की ते पटतं. दर्शनी भिंतीवर पोर्तुगालच्या राजचिन्हाचा मुकुट. आत व्हाइसरॉयांच्या समाध्या. त्यांत १५८१ मध्ये वारलेल्या दों लुईश द आताईद याची समाधी आहे. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय आधी या बाजूला थांबायचा आणि मग समारंभानं राजधानीत शिरायचा. असं हे चर्च म्हणजे सत्तेच्या येण्या-जाण्याचा टप्पा होता, आणि सत्तेच्या खुणा त्याच्या अंगावर होत्या.

मुख्य वेदीच्या मागं उंच लाकडी मखर आहे, कोरलेलं, लाल, निळ्या, सोनेरी रंगांत रंगवलेलं. मध्यभागी तीन राजे. पूर्वेकडून आलेले, ताऱ्याच्या मागोमाग चालत आलेले, बाळ येशूपुढं सोनं, धूप आणि गंधरस ठेवणारे. चर्चचं नावच त्यांच्यावरून पडलं आहे, आणि ६ जानेवारीच्या फेस्ताला अजून तीन मुलं राजांचा वेश करून मिरवणुकीनं येतात. आज दिसणारं मखर मातेउसच्या डोळ्यांसमोरचंच आहे असं मी म्हणणार नाही. लाकूड बदलतं, रंग पुन्हा दिले जातात. पण विषय तोच होता. तो विषय त्या मुलाच्या मनावर कसा उमटला असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ख्रिस्ताला ओळखून पहिल्यांदा दूरवरून आलेली माणसं पूर्वेची होती, हे त्या चर्चच्या वेदीवर कोरलेलं. आणि त्याच चर्चच्या आवारात पूर्वेच्या मुलाला शिकवलं जात होतं, की लॅटिन कितीही चांगलं येवो, तुझी जागा ठरलेली आहे.

ती कुठली, हे त्याला लवकरच कळलं. त्याला पाद्री व्हायचं होतं. गोव्याचे आर्चबिशप क्रिश्तोवांव द सा इ लिज्बोआ यांनी ब्राह्मणांना दीक्षा द्यायची नाही असं ठरवलेलं होतं. दार बंद झालं. तेव्हा या माणसानं जे केलं त्याला तोड नाही. लिस्बनचं जहाज न धरता, पोर्तुगीजांच्या हाती न लागता, तो इराण आणि तुर्की मुलखातून रोमला गेला. १६२५ मध्ये तो तिथं पोचला.

रोममध्ये त्या वेळी वारं बदललेलं होतं. ते समजण्यासाठी पाद्रुआदो ही व्यवस्था माहीत हवी. पोपनं पंधराव्या-सोळाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाला एक मोठा हक्क देऊन टाकला होता. आशियातल्या त्याच्या क्षेत्रात बिशप कोण व्हावा हे राजानं सुचवायचं, चर्च राजानं बांधायची, पाद्र्यांचा खर्च राजानं करायचा. बदल्यात एकही मिशनरी त्याच्या संमतीवाचून तिकडं जाणार नाही. रेईश मागुशच्या भिंतीवरचा मुकुट शोभेसाठी लावलेला नव्हता. खर्च कुणाचा आणि हुकूम कुणाचा, ते तो सांगत होता. शंभर वर्षांनी रोमच्या लक्षात आलं की आपलेच लोक आपल्या हातात राहिलेले नाहीत. म्हणून १६२२ मध्ये पोपनं प्रोपागांदा फिदे ही संस्था काढली. तिचा सचिव फ्रान्चेस्को इंगोली हा कामसू आणि स्पष्ट विचारांचा माणूस होता. ज्या देशात धर्म न्यायचा त्या देशातलीच माणसं पाद्री आणि बिशप झाल्याशिवाय तो तिथं रुजणार नाही, हे त्याचं ठाम मत. नेमक्या अशा वेळी दिवाडीचा हा मुलगा त्याच्या दारात उभा राहिला.

मातेउस रोममध्ये शिकला, १६३० च्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली आणि पोपची पत्रं घेऊन तो गोव्याला परतला. ती पत्रं गोव्यात कुणी जुमानली नाहीत. लिस्बनचा शिक्का नाही, मग हा कागद कसला? तो पुन्हा रोमला गेला. १६३७ मध्ये त्याला बिशप करण्यात आलं. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप. गोव्याच्या आर्चबिशपाच्या हद्दीत त्याला नेमता येत नव्हतं; म्हणून रोमनं राजाच्या हद्दीबाहेरचा मुलूख निवडला. अदिलशाही. त्या काळच्या युरोपीय कागदांत त्याला इदालकांव म्हणतात. मातेउस द कास्त्रो तिथला व्हिकर अपोस्टोलिक झाला, म्हणजे थेट पोपच्या नावानं काम पाहणारा बिशप. बांदा, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण हा सगळा टापू त्या मुलखात आला. सिंधुदुर्गाला पहिला बिशप मिळाला तो असा.

त्यानं मुक्काम केला डिचोलीत, आणि तिथं चर्च उभारलं. बांदा आणि वेंगुर्ले ही गावंही त्याच्या कामाशी जोडली जातात, आणि नकाशा पाहिला की कारण कळतं. डिचोलीतून तिसवाडी आणि बारदेश दोन्ही जवळ. बांदा हे तेरेखोल नदीवरचं जुनं बंदर, घाटावरून उतरणाऱ्या मालाचं. वेंगुर्ल्यात तर डच येऊन बसले होते. १६३७ हेच त्यांच्या तिथल्या वखारीचंही वर्ष, आणि त्याच सुमारास त्यांची जहाजं दर हंगामात मांडवीचं तोंड अडवू लागली. वेंगुर्ले कँपात त्या डच वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. एका बाजूला विजापूर, दुसऱ्या बाजूला डच, मधे गोव्याची नाकेबंदी. आणि या सगळ्यात गोव्याला न जुमानणारा हा ख्रिस्ती बिशप. गोव्याच्या कौन्सिलात त्याच्या नावानं संताप उसळायचा तो उगाच नव्हे.

डिचोलीतल्या त्या इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, वर्णन माझ्या हाती नाही, आणि कल्पनेनं ते रंगवण्यात अर्थ नाही. पण ती कशाशिवाय उभी राहिली हे सांगता येतं. तिच्यामागं राजाचा खजिना नव्हता. शेजारी किल्ला नव्हता. देऊळ पाडून मोकळी केलेली जागा नव्हती, कारण अदिलशहाच्या मुलखात तो अधिकार बिशपला असणं शक्यच नव्हतं. इन्क्विझिशनचं न्यायालय, जे गोव्यात १५६० पासून बसलं होतं, त्याचा हात नदीच्या या बाजूला पोचत नव्हता. इथं जो येई तो आपल्या पायांनी येई. त्याला आणण्यासाठी शिपाई पाठवता येत नव्हते, आणि तो गेला तर पकडून आणता येत नव्हता. कोकणातल्या चर्चच्या इतिहासात ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कास्त्रोनं तिथं स्थानिक तरुणांना दीक्षा दिल्या. गोव्यानं त्या दीक्षाच अवैध ठरवल्या. इथिओपियाचा पोर्तुगीज जेझुइट पात्रिआर्क आफोंसु मेंदिश यानं त्याच्या वर्णावरून अतिशय हलके शब्द लिहिले. कास्त्रो पुन्हा रोमला गेला, पुन्हा परतला. आणि या सततच्या अपमानातून त्याच्या मनात जे साचत गेलं ते १६५३ मध्ये बाहेर पडलं. ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावानं ओळखलं जाणारं त्याचं पत्र त्या वर्षीचं. गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना त्यानं त्यात डिवचलं: फ्रान्सिस्कन आणि जेझुइट तुम्हाला दाबून ठेवतात, आणि तुम्ही मुकाट्यानं सोसता.

पत्रावर गोष्ट थांबली नाही. त्यानं अदिलशहाच्या दरबारात गोव्यावर स्वारी करण्यासाठी खटपट केली. १६५४ मध्ये विजापूरचं सैन्य बारदेश आणि साष्टीत घुसलं. ते मागं रेटलं गेलं.

इथं मला कास्त्रोची बाजू सोडावी लागते. सैन्य घुसतं तेव्हा ते व्हाइसरॉयाच्या वाड्यावर जात नाही. आधी वाटेतली शेतं जाळतं. बारदेशातली ती शेतं ज्यांची होती ते त्याच्याच धर्माचे, त्याच्याच भाषेचे लोक होते. त्याचा दुसरा दोषही सांगितला पाहिजे. त्याच्या आरशात फक्त ब्राह्मणांचा चेहरा दिसत होता. दर्यावर जाळं टाकणारा, ताडमाडावर चढणारा, शेतात राबणारा ख्रिस्ती माणूस त्याच्या हाकेत नव्हता. ज्या वर्णाभिमानानं गोऱ्यांनी त्याला नाकारलं, त्याची आपल्याकडची आवृत्ती तो बरोबर घेऊनच फिरला. तरीही त्याच्याबद्दलचा आदर माझ्या मनातून जात नाही. एका माणसानं तीन वेळा तेव्हाच्या जगाचा असा प्रवास केला, तो एवढंच सिद्ध करायला, की ख्रिस्ती होणं म्हणजे पोर्तुगीज होणं नव्हे. १६५८ मध्ये रोमनं त्याला परत बोलावलं. शेवटची वर्षं त्यानं तिथंच काढली.

त्यानं लावलेलं रोप मात्र जगलं. त्याचा भाचा कुश्तोदियु द पिन्यु यानं पुढं विजापूर आणि गोवळकोंड्याचं काम पाहिलं, ते १६९७ मध्ये मरेपर्यंत. नात्यातलाच तोमाश द कास्त्रो कानडा मुलखाचा व्हिकर अपोस्टोलिक झाला. त्याचा तिथं ज्याच्याशी खटका उडाला तो गोव्याचा तरुण पाद्री म्हणजे जुझे वाझ. श्रीलंकेत जाऊन अमर झालेला आणि २०१५ मध्ये संत म्हणून जाहीर झालेला. वाझ गोव्याच्या आर्चबिशपाच्या बाजूचा होता. दोघंही गोव्याचे, दोघंही ब्राह्मण कुळातले, आणि मधे पाद्रुआदोची भिंत. हा वाद पुढं दोनशे वर्षं कोकणातल्या आणि मुंबईतल्या प्रत्येक चर्चच्या दारात आला: ही इगर्ज राजाची की पोपची?

या काळात कोलवाळच्या नदीच्या दक्षिणेला, पोर्तुगीजांच्या मुलखात, काय चाललं होतं ते पाहिलं म्हणजे फरक ठळक होतो. १६८३ मध्ये संभाजी महाराज बारदेश आणि साष्टीत उतरले. गोवा पडणार अशी वेळ आली तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानं ओल्ड गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या हाती ठेवला. राज्य तूच सांभाळ, असा त्याचा अर्थ. चर्च आणि सिंहासन किती एकजीव झाली होती हे यापेक्षा उघड कशातून दिसेल? त्याच व्हाइसरॉयानं १६८४ मध्ये हुकूम काढला: तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. ज्या साष्टीत थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडलं होतं, ज्याच्या मराठी ओव्या ख्रिस्ती माणसं चर्चमध्ये गात होती, तिथं हा हुकूम. कोलवाळच्या नदीच्या उत्तरेला त्याची मात्रा शून्य होती. सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखातला ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याच्याच भाषेत बोलत राहिला.

आणि तिथं ख्रिस्ती माणसं वाढत गेली. बारदेशातून उत्तरेकडं लोक येत राहिले. कुणी लढायांना आणि जाळपोळीला कंटाळून, कुणी वसुलीच्या जाचानं, कुणी इन्क्विझिशनच्या भयानं, कुणी नुसतं पोट घेऊन. सावंतवाडीकर आणि पोर्तुगीज यांच्यात लढाया होत, तह होत. सीमा मागं-पुढं सरके. ज्या भोसल्यांच्या फौजा बारदेशात धाडी घालत, त्याच भोसल्यांच्या राज्यात बारदेशातला ख्रिस्ती माणूस घर बांधून राहत असे. १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला आणि सीमा तेरेखोल नदीवर आली. तोवर पोर्तुगीज बदलले होते. नव्या काबिजादीत त्यांनी लोकांच्या धर्मात हात न घालण्याचं कबूल केलं. पेडण्यात म्हणूनच देवळं राहिली आणि चर्च मोजकीच आली.

या सगळ्या काळात चर्च सजवणारे हात कुणाचे होते? या प्रश्नाकडं नीट पाहिलं तर राजाचं छत्र आतूनच विरलेलं दिसतं. सोळाव्या शतकातल्या गोव्याच्या धर्मपरिषदांनी बजावलं होतं, की ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत. ही मनाई पुन्हा पुन्हा करावी लागली, यातच तिचं काय झालं ते आलं. सोनार, सुतार, चितारी, पाथरवट हे पिढ्यान्‌पिढ्या देवळांचं काम करणारे लोक. त्यांच्यावाचून वेदी उभी राहणार कशी? नकाशा युरोपातून यायचा, पण पटाशी ज्याच्या हातात तो आपल्याला येतं तेच कोरायचा. म्हणून गोव्यातल्या चर्चच्या मखरांत द्राक्षवेलींच्या जोडीला कमळं उमलली. प्रवचनासाठी पाद्री ज्या उंच लाकडी पीठावर चढतो, त्याच्या तळाशी कमरेखाली नागिणीची शेपटी असलेल्या स्त्रिया येऊन बसल्या, भार पेलणाऱ्या. भिंती कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या, गिलावा शिंपल्यांच्या चुन्याचा. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची पातळ, अर्धपारदर्शक तावदानं, ज्यांतून दुपारचं ऊन दुधाळ होऊन आत येतं. एखाद्या गोव्याच्या चर्चमध्ये तासभर बसलात तर युरोपचं कमी आणि कोकणचंच अधिक दर्शन होतं, असं मी मनापासून म्हणेन.

कारागिरानं हे लाकडात केलं, आणि भक्तांनी मूर्तीच्या बाबतीत केलं. म्हापशाचं संत जेरोमचं चर्च १५९४ चं. ते पुन्हा बांधलं गेलं, १८३८ मध्ये जळालं, परत उभं राहिलं. ओल्ड गोव्याजवळच्या दावजीच्या मोडकळीला आलेल्या चर्चमधली कोरीव लाकडी कामं आणून इथं बसवली असं सांगतात. चर्च संत जेरोमच्या नावाचं, पण मुख्य वेदीवर मधे उभी आहे ती मिलाग्र सायबीण, चमत्कारांची माता. जेरोम एका बाजूला, बाप्तिस्मा देणारा योहान दुसऱ्या बाजूला. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तिचं फेस्त असतं. त्या दिवशी तेल घेऊन येणाऱ्यांत हिंदू आणि ख्रिस्ती असा भेद करता येत नाही. लोक तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. सात बहिणींतली एक मिराबाई, ती मिलाग्र झाली. तिच्या फेस्ताला लईराईकडून तेल येतं, लईराईच्या जत्रेला तिच्याकडून फुलं जातात. कुणा व्हाइसरॉयानं हे ठरवलेलं नाही आणि कुणा परिषदेला ते मोडता आलेलं नाही.

सावंतवाडीतलं चर्च याच मातेच्या नावाचं आहे. मिलाग्रिस. नावाची ही निवड मला फार बोलकी वाटते. बाळ येशूला भेटी आणणाऱ्या राजांचं नाव बारदेशातल्या पहिल्या चर्चला मिळालं. संस्थानी राजधानीतल्या, मोती तलावाच्या गावातल्या चर्चला मिळालं ते फेस्ताच्या दिवशी तेल घेऊन जाणाऱ्या साध्या माणसांच्या सायबिणीचं. तिच्या नावानं चालणाऱ्या मिलाग्रिस हायस्कूलमध्ये गावातल्या सगळ्या धर्मांची मुलं शिकली आहेत, शिकत आहेत.

एकोणिसाव्या शतकाचा वृत्तांत मी झपाट्यानं सांगतो, कारण त्यात कागद जास्त आणि माणसं कमी आहेत. सावंतवाडी इंग्रजांच्या देखरेखीखाली गेली. कॅथलिकांच्या बाबतीत मात्र इथं गोव्याच्या आर्चबिशपाचा अधिकार चालत होता. १८८६ मध्ये पुण्याचा धर्मप्रांत झाला, रोम आणि लिस्बन यांच्यात करार झाला, जुन्या भांडणाची धार बोथट झाली. विसाव्या शतकाच्या मध्याला, गोवा अजून पोर्तुगीजांकडं असताना, या बाजूचे भाग गोव्याच्या आर्चबिशपाकडून काढून भारतातल्या धर्मप्रांतांना जोडण्यात आले. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ चा. सिंधुदुर्गाचा किनारा पुण्याच्या बिशपकडे आला.

तेरेखोलकडं मात्र परत यायला हवं, कारण तोफेमागून आलेल्या त्या चर्चनंही पुढं वेगळंच काही पाहिलं. १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा गोव्याचा पहिला आणि एकमेव गोमंतकीय प्रशासक अवघ्या सतरा दिवसांत पदावरून दूर सारला गेला. त्याची बाजू घेणारी शिबंदी तेरेखोलात होती. तिची तिथं कत्तल झाली. पोर्तुगीज झेंड्याखाली, पोर्तुगीजांच्या हातून. गोव्याच्या माणसानं गोव्यावर राज्य करावं की नाही, कास्त्रोनं दोनशे वर्षांपूर्वी चर्चच्या बाबतीत विचारलेला प्रश्न या वेळी राजकारणात विचारला गेला, आणि उत्तर पुन्हा तेच मिळालं.

१५ ऑगस्ट १९५४ ला गोमंतकीय सत्याग्रहींची एक तुकडी सिंधुदुर्गाच्या बाजूनं तेरेखोलवर चालून गेली. तिचा नेता होता आल्फ्रेड आफोंसो. ख्रिस्ती माणूस. त्यांनी किल्ल्यावर तिरंगा फडकवला. नंतर अटक झाली, शिक्षा झाल्या. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा सत्याग्रही आले, आणि या वेळी गोळीबार झाला. हिरवे गुरुजी इथंच हुतात्मा झाले. पोर्तुगालमधलं सालाझारचं सरकार तेव्हा जगाला सांगत होतं, की गोव्यातले कॅथलिक पोर्तुगालशी एकनिष्ठ आहेत, कारण ते कॅथलिक आहेत. संत आंतोनच्या चर्चसमोर आल्फ्रेड आफोंसोनं त्याला दिलेलं उत्तर कुठल्याही भाषणापेक्षा चोख होतं.

५ जुलै २००५ ला पुण्याच्या धर्मप्रांतातून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे त्यात येतात. सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च कॅथेड्रल झालं आणि आल्विन बारेटो पहिले बिशप झाले. त्या तीन जिल्ह्यांची हद्द जुन्या नकाशावर ठेवून पाहिली, तर अदिलशाहीचा समुद्राकडचा मोठा पट्टा समोर येतो, म्हणजे रोमनं १६३७ मध्ये दिवाडीच्या मातेउसला दिलेल्या मुलखाचाच एक भाग. म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती मी गंभीरपणे करतो. मिलाग्रिसच्या आवारात कधी बिशपांच्या नावांची पाटी लागली, तर ती २००५ पासून सुरू करू नये. पहिली ओळ मातेउस द कास्त्रो महाले यांची असावी, आणि त्यांनी विजापूरचं सैन्य बारदेशावर आणलं तेही गावातल्या मुलांना न लपवता सांगावं.